आर्मेनियाच्या मुलांसाठी स्वेटर गोळा करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नोव्हेंबर सरत आला की बेळगाव कॅम्प, टिळकवाडी, खानापूर, निपाणीकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांतून एक आवाहन मोबाइलवर फिरू लागते. मजकूर थोड्याफार फरकाने असा असतो: ‘आर्मेनियातून हाकललेल्या ख्रिस्ती अनाथ मुलांसाठी नाताळपूर्वी गरम कपडे, खेळणी व खाऊ चर्चमध्ये आणून द्यावा.’ कळकळ खरी आहे, वाक्य मात्र जवळपास सगळेच चुकलेले आहे. ही मुले आर्मेनियातून गेलेली नाहीत, नागोर्नो-काराबाखमधून आर्मेनियात आलेली आहेत. त्यांतली बहुतेक अनाथ नाहीत. आणि त्यांचा नाताळ २५ डिसेंबरला नसतो; आर्मेनियन प्रेषितीय चर्च प्रभूचा जन्म आणि बाप्तिस्मा हे दोन्ही सण एकत्र ६ जानेवारीला पाळते. राहिले स्वेटर. ते तिकडे पोचत नाहीत, आणि पोचले तरी त्यांचा उपयोग नाही. या विषयाची नीट माहिती सीमाभागातल्या वाचकांपर्यंत जावी, म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

आधी घडले काय ते थोडक्यात. नागोर्नो-काराबाख हा डोंगराळ मुलूख. तिथले आर्मेनियन त्याला आर्त्साख म्हणतात. आंतरराष्ट्रीय नकाशावर तो अझरबैजानचा, वस्ती मात्र मुख्यतः आर्मेनियन. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या युद्धात तिथून आणि भोवतालच्या जिल्ह्यांतून लाखो अझरबैजानी लोकांना घरे सोडावी लागली, हेही विसरून चालणार नाही. २०२० मधल्या ४४ दिवसांच्या युद्धात पारडे अझरबैजानकडे फिरले. १२ डिसेंबर २०२२ पासून आर्मेनियाकडे जाणारा एकमेव लाचिन रस्ता अडवला गेला आणि पुढचे नऊ महिने साखर, तेल, तांदूळ कूपनावर आले. १९ सप्टेंबर २०२३ ला अझरबैजानने लष्करी कारवाई केली, दुसऱ्याच दिवशी काराबाखच्या बाजूने शस्त्रे खाली ठेवली, आणि त्यानंतरच्या दहाएक दिवसांत एक लाखाहून अधिक माणसे रस्त्याला लागली. काराबाखची राजधानी स्टेपानाकेर्ट ते आर्मेनियातले गोरिस हा घाटरस्ता साधारण बेळगाव ते कोल्हापूर एवढाच, पण गाड्यांच्या रांगेत तो ओलांडायला कित्येकांना दीड-दीड दिवस लागला. त्यांत सुमारे ३० हजार मुले होती.

बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४७ लाखांवर होती. आख्खा आर्मेनिया ३० लाखांच्या आसपास आहे. तीस माणसांमागे एक नवा माणूस पंधरा दिवसांत दारात उभा राहिला, असा हा हिशोब. तिथल्या सरकारने सुरुवातीला प्रत्येकी १ लाख द्राम (तिथले चलन) एकरकमी दिले, आणि भाडे व वीज-पाण्यासाठी महिन्याला प्रत्येकी ५० हजार द्राम सुरू केले. तेव्हाच्या दराने ते साडेदहा हजार रुपयांच्या घरात जातात. तंबूंची मोठी छावणी कुठे उभी राहिली नाही. लोक नातेवाइकांकडे, भाड्याच्या खोल्यांत, खेड्यांतल्या ओस पडलेल्या घरांत गेले. स्वेटर वाटायला एखादी छावणी शोधायला जाल तर सापडणार नाही, ती या कारणाने.

आता स्वेटरकडे. आर्मेनियाला समुद्र नाही. तुर्कस्तानची सीमा १९९३ पासून बंद, अझरबैजानची त्याहून आधीपासून बंद. उघड्या सीमा दोनच, उत्तरेला जॉर्जिया आणि दक्षिणेला इराण. न्हावा शेव्याहून निघालेला माल जॉर्जियाच्या पोती बंदरात उतरतो आणि तिथून ट्रकने डोंगर चढून राजधानी येरेवानला जातो. कस्टमला खोक्यातल्या वस्तूंची नगवार यादी आणि किंमत लागते. ‘मिक्स जुने कपडे, २० किलो’ असे लिहिलेले खोके तिथेच अडकते. विमानाने पाठवाल तर वाहतुकीच्या पैशात येरेवानच्या बाजारात नवा कोट येईल. शिवाय आपल्याकडचा स्वेटर आपल्या थंडीचा. मुंडगोडच्या वसाहतीतले तिबेटी विक्रेते दर हिवाळ्यात बेळगावात घेऊन बसतात तो लुधियानाचा माल आपल्याला पुरतो, पण सेवान सरोवराकाठच्या गावांत पारा शून्याच्या खूप खाली जातो. तिथे लागतो अस्तराचा कोट आणि आत लोकर असलेले बूट. बूट तर पायाच्या मापाचेच हवेत, अंदाजाने पाठवायची ती वस्तूच नव्हे. २०१९ च्या पुरात कृष्णा-घटप्रभेच्या काठी जुन्या कपड्यांचे ढीग कसे पडून राहिले, ते या जिल्ह्याने पाहिलेले आहे. पंचवीस किलोमीटरवरच्या माणसाला काय हवे ते तेव्हा नीट कळले नाही; इथे तर मध्ये चार हजार किलोमीटर आहेत.

विषय निघालाच आहे म्हणून: मुंडगोडची तिबेटी वसाहत १९६६ पासून आहे. विस्थापितांना कायम लागते काय, हे ज्यांना समजून घ्यायचे असेल त्यांनी एक रविवार तिकडे काढावा. जमीन, शाळा, आपल्या भाषेतला शिक्षक आणि हंगामी धंदा. कपड्यांचे नाव त्या यादीत येणार नाही. ते तर तेच आपल्याला विकतात.

मग पाठवायचे काय? पैसे. आणि तेही नियमाने, कारण खरा घोटाळा इथेच होतो.

मंडळीत अर्पणाची पाकिटे फिरवली, ४० हजार जमले, खजिनदाराने ते आपल्या खात्यात भरले आणि परदेशी पाठवायला बँकेत गेला, ही नेहमीची रीत. ती चुकीची आहे. भारतात राहणारी व्यक्ती रिझर्व्ह बँकेच्या लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीममधून आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवू शकते, देणगीही त्यात बसते; पण ही योजना फक्त व्यक्तींसाठी आहे. ट्रस्ट, सोसायटी, फर्म तिच्यात बसत नाहीत. आणि फॉर्म ए-२ (परदेशी पैसे पाठवण्याचा बँकेतला अर्ज) बरोबर जे घोषणापत्र लिहून द्यावे लागते त्यात ‘हे पैसे माझे स्वतःचे आहेत’ असे वाक्य असते. मंडळीची वर्गणी ‘माझी’ म्हणून सही करणे म्हणजे खोटी घोषणा. खजिनदार भला माणूस असतो, त्याला कुणी हे सांगितलेले नसते, आणि दोन वर्षांनी प्राप्तिकराची नोटीस आली की तो एकटाच धावत बसतो.

चर्चच्या ट्रस्टने थेट पाठवायचे म्हटले तर रिझर्व्ह बँकेची स्वतंत्र परवानगी हवी. भारताबाहेर खर्च केलेल्या रकमेवर ट्रस्टची करसवलतही जाते, ती राखायची तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मान्यता घ्यावी लागते. ज्या संस्थांना एफसीआरए (परदेशी देणगी घेण्याचे) खाते आहे त्यांनी त्या खात्याला तर हातच लावू नये. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवणे बंद आहे. हे सगळे उपद्व्याप बिशप कार्यालयाच्या किंवा पंथाच्या देशपातळीवरच्या कचेरीने करावेत. एका गावच्या पंचकमिटीच्या आवाक्यातले हे काम नाही.

तेव्हा सरळ वाट एकच, ज्याने त्याने स्वतःच्या खात्यातून पाठवणे. त्यात काय काय लागते ते सांगतो. पॅन कार्ड; ते नसेल तर व्यवहार होतच नाही. फॉर्म ए-२, त्यात हेतूचा सांकेतिक क्रमांक: परदेशातल्या धार्मिक व धर्मादाय संस्थांना देणगीसाठी एस १३०३. काउंटरवरचे कर्मचारी घाईत एस १३०१ टाकतात, तो कुटुंबाच्या निर्वाहाचा क्रमांक; मग पुढे ‘नाते काय’ अशी चौकशी लागते आणि पैसे परत येतात. घेणाऱ्या संस्थेचे नाव बँक खात्यावर आहे तसे, अक्षरन् अक्षर. पत्ता. खाते क्रमांक. आणि स्विफ्ट कोड, म्हणजे बँकेचा आंतरराष्ट्रीय ओळख-संकेत, जो आठ किंवा अकरा अक्षरांचा असतो. त्यातले पाचवे-सहावे अक्षर देशाचे असते. बँक आर्मेनियातली असेल तर तिथे इंग्रजी ए आणि एम ही अक्षरेच हवीत. संस्था अमेरिकेत नोंदलेली असेल तर यू आणि एस. दुसरेच काही दिसले तर थांबा आणि विचारा.

इथेच फसवणूक ओळखायची एक सोपी खूणही मिळते. यूपीआयचा क्यूआर कोड छापून ‘आर्मेनियन बालकांसाठी’ मागणारा संदेश आला, तर ते पैसे भारतातल्याच कुणाच्या तरी खात्यात पडणार आहेत, एवढे नक्की समजावे. तो माणूस पुढे ते पाठवणार कसा, याचे उत्तर वर दिलेच आहे.

खर्चाचाही विचार हवा. बँकेचे शुल्क, स्विफ्टचे शुल्क, चलनबदलावरचा जीएसटी (लाखाच्या आत व्यवहाराच्या ०.१८ टक्के, पण किमान ४५ रुपये) आणि मधली बँक कापते ते डॉलर, सगळे मिळून दोन हजारांची देणगी निम्मीही उरत नाही. फॉर्मवर शुल्क कुणी सोसायचे याचा रकाना असतो. ‘एसएचए’ लिहिले तर मधल्या बँकेची कपात देणगीतून होते. ‘ओयूआर’ लिहिले तर ती आपल्याकडून घेतात आणि तिकडे पूर्ण रक्कम जाते. म्हणून दरमहा हजार रुपयांचे रिकरिंग उघडावे आणि वर्षाला बारा हजार एकदाच पाठवावेत. वर्षाला १० लाखांच्या आत टीसीएस (पाठवतानाच बँक घेते तो कर) लागत नाही, तेव्हा त्याची धास्ती नको. आयकरात ८०-जी ची वजावट मात्र मिळणार नाही. परदेशी संस्थेच्या पावतीला इथे किंमत नाही. ज्यांना वजावट हवी त्यांनी देशातल्या कामाला द्यावे, त्यातही काही कमीपणा नाही.

कापणीच्या सणाला भोपळ्या-कोंबड्यांच्या लिलावातून येणारी रक्कम मंडळीची असते, ती या वाटेने जाऊ शकत नाही. ती जिल्ह्यातल्याच पूरग्रस्तांसाठी ठेवावी. परदेशात जायचे ते ज्याच्या त्याच्या खिशातले.

कुणाला द्यायचे? काम करणारी नावे लपलेली नाहीत. कॅथलिकांसाठी आर्मेनियन कारितास आहे, ग्युमरी शहरात मुख्यालय, १९९५ पासून. प्रॉटेस्टंटांसाठी आर्मेनियन मिशनरी असोसिएशन ऑफ अमेरिका. १९१८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावी स्थापन झालेली, आणि डिसेंबर १९८८ च्या भूकंपानंतर आर्मेनियात काम करणारी. पलीकडे आर्मेनियन प्रेषितीय चर्चचे एच्मियाझिनचे पवित्र मुख्यपीठ आहेच, देशातला मोठा समाज त्या जुन्या चर्चचा आहे. मराठी ख्रिस्ती माणसाला या नात्यात एक जुना धागाही सापडेल. १८१३ मध्ये मुंबईत येऊन अमेरिकन मराठी मिशन सुरू करणारे अमेरिकन बोर्ड (ही मिशनरी संस्था) आणि ऑटोमन साम्राज्यातल्या आर्मेनियनांत काम करणारे बोर्ड एकच. त्याच कामातून १८४६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला आर्मेनियन इव्हँजेलिकल चर्च उभे राहिले. बेळगावात १८२० साली आले ते लंडन मिशन, आणि १९०४ पासून मेथडिस्ट, त्यामुळे इथे हा इतिहास फारसा सांगितला जात नाही. अहमदनगरच्या किंवा कोल्हापूरच्या जुन्या ख्रिस्ती घराण्यांना तो परका वाटू नये.

पैसे कशाला लागतात, हे कळल्याशिवाय देणारा टिकत नाही, म्हणून तेही सांगायला हवे.

सर्वांत अवघड प्रश्न घराचा. २०२४ पासून सरकारने घर घेण्यासाठी किंवा बांधण्यासाठी प्रमाणपत्रे सुरू केली. ठरलेल्या सीमेकडच्या व दुर्गम गावांत घर घेतले तर माणशी ५० लाख द्राम, इतरत्र ४० किंवा ३० लाख. ऐकायला मोठी रक्कम, पण गाठ अशी की काम येरेवानमध्ये आणि जास्तीचे पैसे सीमेवरच्या खेड्यात. ज्या माणसाने सीमेवरचे घर एकदा गमावले त्याला पुन्हा सीमेवर जा म्हणायचे. दुसरी अट आर्मेनियाचे नागरिकत्व घेण्याची. काराबाखच्या लोकांकडे आर्मेनियाचे पासपोर्ट होते, पण सरकारने ते प्रवासाचे कागद ठरवले आणि लोकांना तात्पुरत्या संरक्षणाचा दर्जा दिला. नागरिकत्व घेतले तर परत जाण्याचा हक्क सोडल्यासारखे होईल, ही भीती. आणि १८ वर्षांच्या मुलाला सक्तीची लष्करी सेवा, हा आईच्या मनातला दुसरा अडथळा. सीमाभागातल्या माणसाला एका कागदावर सही करताना हात का अडखळतो, ते वेगळे सांगायला नको.

चर्चचे सामाजिक कार्यकर्ते इथे जे काम करतात ते दिसायला अगदी रूक्ष असते: राहिलेला जन्मदाखला, बापाच्या मृत्यूचा कागद, अपंगत्वाचा दाखला, घरमालकाचे संमतिपत्र. एक कागद अडला की महिन्याची मदत थांबते. २०१९ च्या पुरानंतर आपल्याकडे पडलेली घरे नुकसानीच्या ए, बी, सी गटांत टाकताना काय झाले ते आठवा. उतारा वडिलांच्या नावावर, घर थोरल्याचे, राहतो धाकटा. तिथे उतारा मिळवायला परत जायचीच सोय नाही. असा एक कार्यकर्ता वर्षभर कामाला असणे हे शंभर ब्लँकेटांपेक्षा मोलाचे. पण ‘पगारासाठी’ म्हटले की आपल्या मंडळ्यांचा हात आखडतो.

घर मिळाले तरी ते गरम व्हायला हवे. शहरात गॅस आहे, त्याचे बिल डिसेंबर ते मार्चमध्ये फुगते. खेड्यात सरपण आणि वाळवलेले शेण. होय, तिकडेही शेणी थापतात, आणि त्यांना ‘अथार’ म्हणतात. उन्हाळ्यात गोठ्यातले शेण तुडवून, विटांसारखे कापून, घराच्या भिंतीला रचून ठेवायचे. नव्याने आलेल्या कुटुंबाकडे गाय नाही, म्हणून शेणी नाहीत, आणि सप्टेंबरअखेर आलेल्याला उन्हाळा गेलेला असतो. त्यामुळे मदत ऑक्टोबरच्या आत पोचली तर सरपण स्वस्तात भरता येते. नाताळात गोळा होऊन फेब्रुवारीत पोचलेले पैसे फक्त थकलेले बिल भागवतात.

मुलांचे काम चालते ते शाळेनंतरच्या दिवस-केंद्रांतून. दुपारी गरम जेवण, मग गृहपाठ, मग चित्रे, गाणी, हस्तकला. आठवड्यातून एकदा मानसोपचारतज्ज्ञाशी गटात किंवा एकट्याने बोलणे. आणि महिन्यातून एकदा घरी भेट. एका गटात बारा-पंधरापेक्षा जास्त मुले घेतली की शिक्षिकेला फक्त शिस्त लावत बसावे लागते. लहान मुले पुन्हा अंथरूण ओले करू लागतात, मधल्या वयाची पोटदुखी सांगतात, मोठी गप्प होतात आणि शाळा सोडून कामाला जायचे म्हणतात. ही तिन्ही लक्षणे एकाच गोष्टीची, पण आईबापांना तिन्ही वेगळी वाटतात आणि पहिल्याला मार मिळतो. टंचाईतून आलेले मूल ताटातला पाव खिशात घालते. त्याला चोरी म्हणायचे नाही. तो घेऊ द्यायचा, आणि उद्याही पाव आहे हे रोज त्याच वेळी ताट मांडून दाखवायचे. कधी कधी काही महिने लागतात. नववर्षाच्या रात्रीचे फटाके हे तर ठरलेले संकट. ३१ डिसेंबरला मुलांना आधी सांगून ठेवणे, खिडकीपासून दूर झोपवणे, आवाज कशाचा ते मोठ्यांनी शांतपणे बोलून दाखवणे, एवढ्याने बरेच निभावते.

भाषेची गोष्ट बेळगावकरांना चटकन कळेल. काराबाखची बोली येरेवानच्या माणसाला सहज समजत नाही. शब्दातला जोर वेगळ्या ठिकाणी पडतो, फारसी, तुर्की, रशियन शब्द पुष्कळ. शाळेत पोर तोंड उघडते आणि वर्ग हसतो. आपले पोर पुण्याच्या वर्गात ‘पण’च्या जागी ‘खरं’ म्हणते तेव्हा होते तेच. फरक एवढाच की आपल्या पोराला सुट्टीत गावी यायचे असते. चांगल्या केंद्रांत काराबाखच्याच शिक्षिका नेमतात, त्याही विस्थापितच. मुलाला हसणारे कुणी नाही आणि बाईंना पगार, अशी दोन्ही कामे एका खर्चात होतात. ‘प्रमाण भाषा शिकवा’ असा आग्रह धरणारे देणगीदार इथे नुकसान करतात.

बायकांच्या रोजगाराचे एक उदाहरण देतो. ‘झिंग्यालोव हात्स’ नावाची काराबाखची भाकरी आहे. कणकेची पातळ पोळी लाटायची, तिच्यात दहा-वीस प्रकारच्या रानभाज्या बारीक चिरून, मीठ-तेल लावून भरायच्या, कडा चिमटून होडीच्या आकारात मिटायची, हाताने चपटी करायची आणि लोखंडी तव्यावर भाजायची. भाजी ओली राहिली तर पोळी फुटते, मीठ आधी घातले तर पाणी सुटते. येरेवानमध्ये ती आवडीने खातात. गिऱ्हाईक मिळते, अडचण असते तव्याची, गॅसची, महापालिकेच्या परवान्याची आणि हिवाळ्यात महागणाऱ्या भाजीची. हंगामात भाजी चिरून गोठवून ठेवायला एक मोठा फ्रीजर लागतो, आणि अशा साध्या यंत्रासाठी दिलेली मदत वसूल होते. शिलाई मशीनचे तसे नाही. ती सगळेच देतात. एका गल्लीत दहा मशिनी झाल्या की दहाही बंद पडतात. आपल्या स्वयंसाहाय्य संघांच्या पापडांचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

आता ‘अनाथ’ या शब्दाबद्दल, कारण सर्वांत जास्त नुकसान तो करतो. १९१५ नंतरच्या संहारात खरोखर लक्षावधी आर्मेनियन मुले पोरकी झाली होती. निअर ईस्ट रिलीफ या अमेरिकी संस्थेने १ लाख ३२ हजार मुलांना सांभाळले. लेबनॉनमधल्या गझिर गावच्या अनाथालयातल्या मुलींनी विणलेला एक गालिचा १९२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज यांना भेट गेला: जवळपास साडेअठरा फूट लांब, साडेअकरा फुटांहून अधिक रुंद, ४४ लाख ४ हजार २०६ गाठी. त्या काळी अनाथालये बांधणे बरोबर होते, मुलांना दुसरे कुणी नव्हतेच. आज या मुलांना आई आहे, आजी आहे, बहुतेकांना बापही आहे. नसतात ते पैसे. केवळ गरिबीपोटी मूल आईबापापासून वेगळे करू नये, हे २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिले आहे. देणगीदार ‘अनाथ’ मागू लागले की कुठे तरी कुणी तरी आई असलेले मूल वसतिगृहात आणून बसवतो. भारतात असे झालेले आपण वाचतोच.

‘एक मूल दत्तक घ्या, महिन्याला फोटो मिळवा’ ही पद्धतही टाळावी. एका घरातल्या तिघांपैकी एकालाच अमेरिकेतून भेट येते, बाकी दोघे बघत बसतात. फोटो, पूर्ण नाव, गाव, बापाचे काय झाले याचा तपशील चर्चच्या बुलेटिनमध्ये छापला जातो आणि तिथून व्हॉट्सअ‍ॅपवर पोचतो. ज्यांचे नातलग अजून बेपत्ता किंवा कैदेत आहेत अशा घरांना त्यातून धोका असतो. चांगली संस्था केंद्राचा अहवाल देते: किती मुले, किती दिवस, जेवणावर किती, पगारावर किती. मुलाचा चेहरा देत नाही. चेहरा मागितल्याबरोबर देणाऱ्या संस्थेकडे जरा संशयानेच पाहावे.

धर्मांतराचा प्रश्न आपल्याकडे लगेच येतो, म्हणून तेही. आर्मेनियाने इ.स. ३०१ मध्ये ख्रिस्ती धर्म राजधर्म केला अशी परंपरा आहे. तिथे जाऊन कुणाला ख्रिस्ती करायचे उरलेले नाही. भांडण होते ते एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये ओढण्यावरून. मदतीचा उपयोग कोणत्याही धार्मिक वा राजकीय मताच्या प्रसारासाठी करायचा नाही, हा रेड क्रॉसच्या १९९४ च्या आचारसंहितेतला नियम. जेवणाआधी उपासनेला हजेरी लावायला सांगणारे केंद्र तो मोडते. तसेच मे २०२५ नंतर आपल्याकडे समाजमाध्यमांवर आर्मेनियाचा जो उमाळा आला त्याचे कारण अझरबैजानने पाकिस्तानची बाजू घेणे, हे आपण प्रामाणिकपणे मानावे. त्या उमाळ्यावर मुलांची मदत उभी करू नये. बातमी बदलली की ती आटते, आणि केंद्राला मार्चचे भाडे तरीही द्यावे लागते.

संपादक महाशय, आपल्याकडे डिसेंबरच्या स्थानिक पानासाठी अशी आवाहने येतीलच. छापताना एवढे पाहावे: ‘अनाथ’च्या जागी ‘विस्थापित कुटुंबांतील मुले’ असे घ्यावे, क्यूआर कोड असेल तर तो वगळावा, आणि वस्तू गोळा करण्याचे ठिकाण दिले असेल तर ती वस्तू कोणत्या वाटेने, कुणाच्या नावे जाणार हे आवाहन करणाऱ्याला फोनवर विचारावे. उत्तर मिळाले नाही तर जागा वाचेल. गोळा झालेले स्वेटर ज्यांच्याकडे आताच पडून आहेत त्यांनी ते खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या वाड्यांवर द्यावेत. तिथली थंडी त्या स्वेटरांच्या मापाची आहे.

आपले,
बेळगाव, खानापूर व निपाणी भागातील काही मराठी ख्रिस्ती वाचक